मागून येणारं

समोरच्या माणसाची नजर नेमकी कुठे पडते, हे ओळखण्यावर गेली बावीस वर्षं माझं पोट चाललं आहे. चष्म्याच्या दुकानात मी मापं घेते. डॉक्टरांनी नंबर काढून दिला की काम संपलं असं लोकांना वाटतं. पण लांबचं आणि जवळचं एकाच काचेत बसवायचं असेल तर जवळचा भाग कुठून सुरू करायचा हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि आमच्या दुकानात ते कुणीतरी म्हणजे मी. गिऱ्हाईकाला फ्रेम चढवायची, त्याच्यासमोर त्याच्याच उंचीला येऊन बसायचं, त्याला सरळ बघायला सांगायचं आणि बाहुलीच्या बरोबर समोर कोऱ्या काचेवर बारीक पेनाने ठिपका द्यायचा. दोन मिलिमीटर चुकले तर माणूस जिना उतरताना पडतो. माझ्या मापामुळे आजवर कुणी पडलेलं नाही, याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवतही नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही पहिली शंका माझ्याच डोळ्यांवर घ्याल.

घरात आम्ही दोघी बहिणी. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, शाळेतून निवृत्त झालेली, आणि गुडघ्यांनी दगा दिल्यापासून दारासमोरच्या खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकणारी. दोन वर्षांपूर्वी तळ्याच्या काठचं गवत कापताना कामगारांना रानबदकाचं घरटं लागलं. बदकीण पुन्हा फिरकली नाही. चार अंडी गार पडली होती, पाचवं मी चष्मा पुसायच्या फडक्यात गुंडाळून घरी आणलं. बुटांच्या खोक्यात, बल्बच्या उबेला ते सव्वीस दिवस राहिलं. ताईने ते दिवसातून चार वेळा, तासाची घंटा चुकवू नये तशा शिस्तीने, फिरवलं. आणि ज्या सकाळी कवच फुटलं तेव्हा ती नेमकी आंघोळीला गेली होती. पिल्लाने डोळे उघडले ते माझ्या तोंडाकडे बघत, आणि तेव्हापासून ते माझं झालं. ‘पाच मिनिटं दम धरला असता तर माझ्यामागे आलं असतं,’ असं ताई पुढे वर्षभर ऐकवत होती, आणि ते सगळंच थट्टेत नसे.

त्याचं नाव आम्ही ठेवलंच नाही. गल्लीतल्या लोकांनी ठेवलं, शेपूट. ‘तुमचं शेपूट आज मातीत लोळलेलं दिसतंय,’ असं भाजीवाल्या काकू म्हणायच्या. ते माझ्यामागून फाटकापासून गल्लीभर, भाजीच्या दुकानावरून बसथांब्यापर्यंत चालत येई, बसच्या तीन पायऱ्या एकेक करून चढे, माझ्या पायाशी बसे, आणि दुकानाच्या मागच्या अंगणात टबभर पाण्यात दिवस काढून संध्याकाळी माझ्याबरोबर परत येई. त्याला चालवायचा एकच नियम मी पहिल्या आठवड्यात शिकले होते. मागे वळून बघायचं नाही. तुम्ही वळलात की ते थांबतं, खाली बसतं, आणि मग उचलून आणण्यावाचून गत्यंतर नसतं. आपण न थांबता, आपल्याला काही पडलेली नाही अशा तोऱ्यात पुढे चालत राहिलं की मागून टप टप टप येत राहतं.

ते गेलं ते माझ्या चुकीने. रानबदकाच्या एका पंखाची लांब पिसं कापली की त्याला तोल सापडत नाही आणि ते उडत नाही. पिसं झडून नवी आली की पुन्हा कापावी लागतात. या वर्षी ताईने त्याला मांडीत धरलं आणि मी कात्री चालवली. जवळचं मला तीन वर्षांपासून नीट दिसत नाही; दुकानात मापापुरतं भिंग डोळ्याला लावते. जगाला चष्मे लावणारी मी, स्वतःच्या नाकावर चष्मा चढवायला मला लाज वाटते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ‘चष्मा घाल गं,’ ताई म्हणाली. ‘दिसतंय मला,’ मी म्हणाले. मी नुसती टोकं कापली होती. पंधरा दिवसांनी, बसमधून उतरून आम्ही घराकडे येत असताना डोक्यावरून सात-आठ रानबदकं तळ्याच्या दिशेने गेली. मागचं टप टप एकदम जलद झालं, माझ्या पोटरीला वारा लागला, आणि ते भाजीच्या दुकानाच्या ताडपत्रीवरून वर, आणखी वर गेलं. मी रस्त्यात उभी राहून त्याला हाका मारत होते. माझ्या आवाजाने लोक बाहेर आले, पण ते काही वळलं नाही.

घरी येऊन मी खूप रडले. मग तोंड धुतलं आणि ठरवलं की रडून भागायचं नाही. जे माझ्या हातून गेलं ते मीच आणणार.

रोज सकाळी कामाच्या आधी एक तास आणि संध्याकाळी अंधार पडेपर्यंत मी तळ्यावर उभी राहू लागले. खिशात मटारचे दाणे असत. पाण्यावर पन्नास बदकं असत आणि पन्नासच्या पन्नास माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत. ताईने चार दिवस काढले, पाचव्या दिवशी ती बोललीच.

‘त्याला पंख होते, ते गेलं. आता सोड.’

‘शेपूट घालून बसणारी मी नाही.’

‘ते दिसतंच आहे,’ ताई म्हणाली. ‘शेपूट उडालं तरी तू उभीच.’

दोघींनाही हसू आलं.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी दुकानासमोर बसमध्ये चढले, नेहमीच्या जागी बसले, आणि बस हलेना. ड्रायव्हर आरशातून मागच्या दाराच्या पायऱ्यांकडे बघत होता. पूर्वी शेपूट चढेपर्यंत तो असाच थांबायचा; सवयीने थांबला असेल, असं मला वाटलं. पण मग तो समाधानाने मान हलवून ‘हं, चढलं,’ असं स्वतःशीच म्हणाला आणि त्याने दार लावलं. मी झटकन मागे वळून बघितलं. पायऱ्या रिकाम्या होत्या.

‘काय चढलं?’ मी विचारलं.

त्याने पुन्हा आरशात बघितलं आणि तो जरा गोंधळला. ‘आत्ता होतं की मॅडम,’ तो म्हणाला.

पुढचे चार दिवस तो माझ्यासाठी क्षणभरही जास्त थांबला नाही. तेव्हा मला कळलं की मी काय केलं होतं. वळून बघितलं होतं. पुन्हा तीच हलगर्जी माझ्या हातून झाली होती, आणि या वेळी मी स्वतःला निक्षून बजावलं की काही झालं तरी मान फिरवायची नाही. पाचव्या संध्याकाळी मी पुढे बघत चढले, पुढे बघत बसले, आणि दार उघडंच राहिलं. एक, दोन, तीन. मग दार लागलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान सरळ होती.

त्यानंतर रोज. मी चालत असे आणि समोरून येणाऱ्या माणसांची नजर माझ्या चेहऱ्यावरून घसरून माझ्या टाचांमागे जाई, तिथे क्षणभर रेंगाळे आणि परत येई. जमिनीपासून चार इंच, फार तर साडेचार. शेपटाचं डोकं जिथे असायचं त्याहून बरंच खाली, पिल्लू असताना जिथे असे तिथे. ही नोंद मी मनात केली आणि तिचा अर्थ लावायच्या भानगडीत पडले नाही. येतंय ना, तेवढं पुरे होतं. मागे कान दिला की पावलंही ऐकू येत, ओली आणि चपटी.

दुसऱ्या आठवड्यात दुकानाचे मालक समोरून येताना माझ्यासाठी बाजूला झाले, आणि मी बरोबरीला आले तरी, मागून आणखी कुणी यायचं असल्यासारखे, भिंतीला टेकून थांबले. ते माझ्यामागे जिथे बघत होते ती जागा गुडघ्याच्या उंचीवर होती. मी मागच्या अंगणाच्या दारावर पेन्सिलने खूण केली. त्यानंतर मी रोज खूण करू लागले, ज्या उंचीला लोकांची नजर पडेल त्या उंचीला, कामातल्याच काटेकोरपणाने. खुणा रोज वर सरकत होत्या. खुणा कंबरेशी आल्या त्या संध्याकाळी भाजीवाल्या काकूंनी माझ्यामागे बघून गालावर हात ठेवला.

‘केवढं वाढलं हो बाई, बघता बघता.’

‘काकू,’ मी पुढे बघूनच विचारलं, ‘तुम्हाला काय दिसतं?’

त्या हसल्या. ‘काय दिसतं म्हणजे? तुमच्यामागून येतं ते.’

‘बदकच ना?’

त्यांनी पालकाची जुडी पिशवीत भरली आणि माझा प्रश्न ऐकलाच नसावा तशा दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळल्या. मला भीती वाटली, हे मी कबूल करते. पण हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची माझी तयारी नव्हती. एकदा वळून बघितलं होतं आणि चार दिवस गमावले होते.

फक्त घरी काही घडत नव्हतं. पावलं फाटकापर्यंत येत आणि तिथे थांबत. मी फाटक सताड उघडं ठेवून आत जाई, दार उघडून बाजूला उभी राही, शंभरपर्यंत मोजे. समोर खुर्चीत ताई. तिची नजर माझ्याखेरीज कशावरच पडत नसे.

‘दार लाव, किडे येतात,’ ताई म्हणे.

‘थांब जरा.’

‘अगं, कुणासाठी?’

मी सांगत नसे. तिला सांगायचं नव्हतं, दाखवायचं होतं. ज्या दिवशी तिची नजर माझ्या मागे पडेल त्या दिवशी ते खरोखर घरी आलं असं मी धरणार होते. माझ्या सगळ्या खटपटीचा शेवट तिथे होता, आणि तोवर मी थांबणार नव्हते. एवढंच की त्या दिवसांत ताई सारखी ‘काय म्हणालीस?’ विचारू लागली होती. तिला ऐकू कमी येत असावं असं मला वाटलं. पण रेडिओ ती पूर्वीएवढ्याच आवाजात ऐकत होती. आणि मला बसच्या पायऱ्या उंच लागू लागल्या होत्या. वय कुणाला चुकलंय, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

चष्म्याच्या दुकानात आरशांना तोटा नसतो. आरशात बघणं म्हणजे मागे बघणंच, म्हणून मी हातातले आरसे टेबलावर पालथे घालत असे आणि भिंतीवरच्या मोठ्या आरशासमोरून जाताना नजर फरशीवर ठेवत असे. मालकांनी दोनदा हटकलं. ‘गिऱ्हाइकांनी तोंड कुठे बघायचं?’ ते म्हणाले. ते खरंच होतं. एका दुपारी एका बाईंनी फ्रेम घालून मोठ्या आरशाकडे मला हाताला धरून वळवलं, ‘कशी दिसते सांगा,’ म्हणत, आणि मला बघावं लागलं.

आरशात त्या बाई होत्या. मीही होते. माझ्यामागे बदक, प्राणी, माणूस असं काहीही नव्हतं. मी सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच मला अंतर खटकलं. मी त्या बाईंच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. आरशातली मी त्यांच्या दोन पावलं मागे होते. अंतरं मोजण्यात माझी चूक होत नाही. ‘छान दिसते,’ असं मी म्हणाले, आणि त्या बाईंनी मागे वळून, जिथे कुणीच नव्हतं तिकडे बघून ‘थँक्यू’ म्हटलं.

त्या दिवशी मी अंगणाच्या दारावरची खूण केली ती माझ्या खांद्याच्या उंचीला होती. परवाची छातीशी होती. मी पेन्सिल खाली ठेवली आणि विचार केला की अजूनही थांबता येईल. बसमध्ये चढताना एकदा मान वळवायची, की झालं. सगळं पुन्हा पूर्वीसारखं होईल, रिकामं अंगण, रिकामा टब, आणि तळ्यावरची अनोळखी पन्नास बदकं. मला ते नको होतं. ज्याने डोळे उघडून पहिल्यांदा मला बघितलं, ते माझ्या हलगर्जीपणाने उडून गेलं होतं, आणि आता कुठल्या का रूपात होईना, माझ्या मागून येत होतं. मी त्याला वाटेत टाकणार नव्हते.

मग लोकांनी माझ्याकडे बघणंच कमी केलं. मालक कामं सांगत ती माझ्या डाव्या खांद्यावरून, मागच्या कुणाला तरी. गिऱ्हाइकं फ्रेम पुढे करत ती माझ्या हाताच्या जरा पलीकडे, आणि मी पुढे वाकून ती घेई. भाजीवाल्या काकूंनी पिशवी माझ्या डोक्यावरून दिली. आणि एका संध्याकाळी बस थांबली, मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तोच ड्रायव्हरने आरशात बघून मान हलवली आणि दार लावायला घेतलं. ज्या माणसाला चढायचं होतं त्याचं चढून झालंय, अशा निर्धास्तपणे. मी कशीबशी आत घुसले. पावलं आता ओली वाजत नव्हती. रबरी तळव्याचा बूट फरशीवर वाजतो तशी वाजत होती, आणि माझ्या बुटांचे तळवे रबरी होते.

त्याच संध्याकाळी ते फाटकाशी थांबलं नाही.

भाजीचं दुकान मागे पडलं, गल्ली संपली, मी फाटक ढकललं. नेहमीपेक्षा जड गेलं. मी आत शिरले, आणि मागे पाऊल अडखळलं नाही, फाटकातून आत आलं, दारापुढच्या वाळूवर आलं. इतक्या दिवसांच्या हट्टाचं चीज होत होतं आणि मला पळत सुटावंसं वाटत होतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. मी पळाले नाही. आपल्याला काही पडलेली नाही अशा तोऱ्यात, मान सरळ ठेवून, मी ओट्याच्या पायऱ्या चढले. दोन्ही पायऱ्यांना मला हात टेकावे लागले. दार ताईने उघडंच ठेवलं होतं. मी उंबरा ओलांडला आणि रोजच्यासारखी भिंतीशी सरकून, मागून येणाऱ्याला वाट दिली.

बूट माझ्या शेजारून पुढे गेले.

ताईने पेपरातून मान वर केली. तिची नजर पहिल्यांदाच माझ्यावर पडली नाही. माझ्या बरीच वर, जमिनीपासून बरोबर साडेचार फूट आणि अडीच इंचांवर ती स्थिरावली. ते माप मला पाठ आहे. बूट घालून उभी राहिले की माझे डोळे तिथे येतात.

‘आलीस?’ ताई म्हणाली. ‘आज उशीर केलास गं. चहा टाकतेस का माझा पण?’

तिच्या चेहऱ्यावर कसलंच आश्चर्य नव्हतं. दमून आलेल्या बहिणीकडे बघावं तसं ती बघत होती, जशी गेली कित्येक वर्षं ती माझ्याकडे बघत आली आहे.

‘ताई,’ मी म्हणाले.

ती दचकली. चष्मा सावरून तिने इकडेतिकडे बघितलं, आणि मग तिची नजर खाली उतरू लागली, खांद्यावरून कंबरेशी, कंबरेवरून गुडघ्याशी, आणि भिंतीलगत, जमिनीपासून चार इंचांवर येऊन थांबली. तिथे ती माझ्या डोळ्यांना मिळाली. ताईचा चेहरा उजळला. गुडघ्यांची पर्वा न करता ती खुर्चीतून पुढे वाकली आणि तिने माझ्याकडे दोन्ही हात पसरले.

‘अगं बाई,’ ती वर बघून, त्या दुसरीला म्हणाली, ‘केवढंसं आहे.’